मोठी टाकी

शेडमध्ये मोटरबोटीच्या तळाच्या फळ्या उचकटून ठेवल्या होत्या. मिस्त्रीने पेट्रोलच्या दोन टाक्या शेजारी शेजारी मांडल्या. "काका, लहान टाकी फळ्यांखाली आरामात मावेल. मोठी घातलीत तर मागचं बाकडं काढावं लागेल."

"मोठीच घाल."

"एवढं पेट्रोल घेऊन निघालात कुठं?"

"शोधपथक जिथून माघारी फिरलं, त्याच्या पुढं."

मिस्त्रीने मागचं बाकडं सोडवून मोठी टाकी आत सरकवली. काकांचा मुलगा मित्राच्या होडीतून समुद्रात गेला, तो परतलाच नव्हता. शोधही आता थांबवला होता. मिस्त्रीने टाकीखाली रबर अंथरलं, पट्टे लावले. काका बॅटरीचा उजेड धरून उभे होते.

"पाइपाला दोन क्लिपा लाव. हवेची नळी बाहेर काढलीस ना?"

"काढली हो. मी काय आज पहिली टाकी बसवतोय?"

एरवी काका या टोल्यावर हसले असते. मिस्त्रीच ओशाळला. हळूच म्हणाला, "मी मधल्या मापाची टाकी मागवतो. बाकडं परत बसवू. येताना पोरगा बसणार कुठं?"

काकांनी पाना उचलला आणि सैल राहिलेला पट्टा स्वतःच आवळला. क्लिपांबद्दल बोलले होते, त्याच आवाजात म्हणाले, "वरची फळी एकसलग टाक. त्याच्या उंचीएवढी. आणि त्याच्या आईने विचारलं तर सांग, बाकडं रंगवायला काढलंय."