ठमीचा डबा
आमच्या ठमी मांजरीचे केस गळायला लागले, तेव्हा मी म्हटलं, तिला मधल्या किमतीचं, जरा चांगलं खाणं आणू या. सासरे म्हणाले, “पाकिटावरची मांजर गुबगुबीत आहे म्हणून? महिनाभर साधंच घाल. फरक नाही पडला तर बघू.”
मी बरं म्हटलं आणि माझं तान्हं बाळ झोपलं की साध्याच्या डब्यात गुपचूप ते चांगलं भरत राहिले.
महिन्यात ठमी रेशमासारखी झाली. तिला मांडीवर घेऊन सासरे म्हणाले, “बघ सूनबाई, साध्यातच दम असतो.”
मी मान डोलावली. रिकामं पाकीट लपवायला त्यांच्या रद्दीचा गठ्ठा उचलला, तर खाली त्याच चांगल्या खाण्याची, मी न आणलेली दोन रिकामी पाकिटं नीट घडी घालून ठेवलेली होती.