समोरची तार
मीटरचा काटा खाली येऊन बसला. तिने जोडण्या पुन्हा तपासल्या, काटा हलला नाही.

तिने फारसं काही केलं नव्हतं. निकेलची कोरी पट्टी घेतली आणि विजेचा फेरा पुरा करायला पट्टीसमोर नेहमी असते त्या प्लॅटिनमच्या तारेऐवजी कार्बनची कांडी लावली, इतकंच. बायोडिझेल बनवताना उरणारं चिकट ग्लिसरीन या पट्टीवर विजेने बदलायचं आणि त्याचं प्लास्टिकला लागणारं आम्ल व्हायचं. महागड्या प्लॅटिनमचं काम स्वस्त निकेल करतंय, असा सगळ्यांचा समज होता. आता तार नव्हती आणि पट्टी ढिम्म.

म्हणजे तारच कणाकणाने विरघळत होती आणि पट्टीवर जाऊन बसत होती. काम प्लॅटिनमचं आणि मिरवत होतं निकेल.

ती तार तिच्या मार्गदर्शक सरांच्या तरुणपणापासूनची. प्रयोगशाळेत तिला सगळे आजेसासूबाई म्हणत. इतकी बारीक की चिमट्यानेही जपून उचलायची. "मोजायचं ते याच तारेने," सर बजावायचे. "ती लाभते."

खोलीला खिडकी नव्हती. पंखा नुसता घुमत होता. सांगावं तर हातातोंडाशी आलेली पीएच.डी. जाणार. "यंदा संपव बाई, मग तरी एका घरात राहू," असं नवरा कालच फोनवर म्हणाला होता. न सांगावं तर बायोडिझेलचा कारखानदार फसणार. त्याचं आवार ग्लिसरीनच्या पिंपांनी भरलं होतं आणि तिच्या पट्टीच्या भरवशावर तो नवी शेड बांधायला निघाला होता. "ताई, चालेल ना हे नक्की?" त्याने विचारलं होतं, आणि ती "चालेल" म्हणून बसली होती. इकडे आड, तिकडे विहीर. तिला मनापासून रडावंसं वाटलं.

दार उघडून सर आत आले.

"कारखानदार जिन्यात आहेत. काट्याला काय झालं?"

तिने एका दमात सगळं सांगितलं. सर चिडले नाहीत, चकितही झाले नाहीत. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"तार लाव परत," ते म्हणाले.

"नाही सर. चालेल असं मी म्हणाले होते. नाही चालत, हेही मीच सांगणार."

सर भिंतीवरच्या मानपत्राकडे पाहत राहिले. तांब्याची साधी पट्टी प्लॅटिनमइतकं काम करते, हा त्यांचा ऐन तरुणपणातला, याच तारेसमोर मोजलेला शोध. त्याच्याच जोरावर ही प्रयोगशाळा उभी राहिली होती. त्यांनी चिमट्याने तार उचलून दिव्यासमोर धरली. नीट बघितलं नाही तर ती दिसतही नव्हती.

दारावर टकटक झाली. ती उठली.

"थांब," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थकलेला होता. "सांगायचंच आहे तर पुरतं सांग. माझ्या हाती आली तेव्हा ही तार आगकाडीएवढी जाड होती."