भिंगाची डबी

भिंगाच्या डबीवर चिठ्ठी होती: फोकल लेंग्थ वीस सेंटीमीटर. परीक्षेला बसलेल्या त्या मुलीचं उत्तर मात्र दर खेपेला पंधराच येत होतं.

मागच्या परीक्षेत ती याच प्रॅक्टिकलला आपटली होती. आता पुन्हा गेली तर वर्ष बुडणार होतं. आणि परीक्षा घ्यायला आलेले सर, साक्षात जमदग्नी, एकेक टेबल तपासत तिच्या शेवटच्या टेबलाकडे सरकत होते. तिने पडदा पुन्हा पुढेमागे केला. मेणबत्तीची ज्योत त्यावर उलटी, अगदी रेखीव उमटली. पुन्हा पंधराच.

"अगं, उत्तर डबीवर आहे ना," शेजारच्या टेबलावरून मैत्रीण कुजबुजली. "सगळे तेच लिहितायत. तू काय नवा शोध लावणार आहेस?"

सर शेजारच्या टेबलापाशी येऊन पोचले तसा तिचा धीर सुटला. तिने पंधरा खोडरबराने खोडलं आणि वीस लिहिलं.

सरांनी तिचा पेपर उचलून पाहिला, खाली ठेवला आणि ते सगळ्यांकडे वळले.

"डब्यांवरच्या चिठ्ठ्या मी सकाळीच अदलाबदल करून ठेवल्या होत्या. एकानेही भिंगाचं ऐकलं नाही?"



तिने टेबलावरचा खोडरबराचा भुगा हळूच तळहाताखाली झाकला.