मापाचा ब्लाउज

मृण्मयीने तांदूळ भरलेले दोन मोजे ब्रामध्ये नीट बसवले आणि ती आरशासमोर उभी राहिली. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर घरी असं वावरून बघा, मग कुठल्या मापाचं इम्प्लांट हवं ते सांगा. आज पाचवा दिवस. कमी तांदूळ भरले की काही बदललंच नाही असं वाटे, जास्त भरले की सोंग. आणि वर ते रुंद, पुरुषी खांदे होतेच.

दार ढकलून आई आत आली. 'मी तुझा मुलगा नाही, मुलगी आहे,' हे ऐकल्यापासून दोन वर्षं ती जेवणाखाण्यापुरतंच बोलत होती.

"नैवेद्याचा आंबेमोहोर नेलास होय?"

"परत ठेवते," मृण्मयी पुटपुटली.

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि कपाट उघडलं. आता नको नको ते ऐकावं लागणार, म्हणून मृण्मयीने डोळे मिटून घेतले.

पाठीला मऊ कापड टेकलं. आईचा जुना जांभळा ब्लाउज होता तो. नवा शिवायला टाकताना दरवेळी ती हाच मापाला द्यायची.

"खांदे माझेच घेतलेस," या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ब्लाउज धरून आई म्हणाली. "हा नीट बसेल एवढंच कर. डॉक्टरांना दाखव."

मृण्मयीने वळून ब्लाउज दोन्ही हातांत घेतला.

"आणि आठवणीने परत आण. मापाचा माझा एवढा एकच आहे."