कोजोची दृष्ट

मृणालिनीकाकूंच्या कॅनडातल्या मार्कहॅममधल्या घरात, बेसमेंटला कोजो भाड्याने राहायचा. मूळचा घानाचा, पेशाने नट. टीव्हीवर त्याला कायम चोराचं काम मिळायचं आणि दुसऱ्या ब्रेकच्या आत पोलीस त्याला गोळी घालायचे. असा एपिसोड लागला की काकू त्याची दृष्ट काढायच्या. स्मोक अलार्म बोंबलू नये म्हणून मीठ-मोहऱ्या बॅकयार्डमधल्या बार्बेक्यूवर टाकायच्या.

"अगं, दृष्ट चांगलं चाललेल्या माणसाला लागते," उल्हासकाका हसायचे. "हा तर सारखा मरतोय!"

"म्हणूनच काढते," काकू फणकारायच्या.

शेवटी कोजोने स्वतःच एक फिल्म लिहिली आणि त्यात कामही केलं. पहिल्या शोला काकू पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. पण गोळी सुटलीच नाही. पडद्यावरचा कोजो म्हातारा झाला, नातीच्या वेण्या घालत बसला आणि फिल्म संपली. अख्खं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवू लागलं.

कोजो धावत आला. "काकू, धिस टाइम आय रोट इट! आय लिव्ह! सो नो दृष्ट टुडे."

काकूंनी डोळे पुसले आणि पर्समधून मीठ-मोहऱ्यांची पुडी काढली.

"व्हॉट नो? आजच तर लागणार तुला!"