दोष औषधाचा

हणमंत कोरे यांचे पाय इतके सुजले होते, की डॉ. निलोफर अत्तारांचं बोट घोट्यात रुतलं. कमजोर हृदयासाठीच्या एका नव्या औषधाची त्या चाचणी घेत होत्या. हणमंतराव त्यात सुरुवातीपासून होते आणि आधी त्यांना चांगला गुणही आला होता. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, सुमित्राबाईंना, बाहेर बसायला सांगितलं.

"काका, अंगातलं पाणी काढायला दिलेली लघवीची गोळी घेताय ना?"

हणमंतरावांनी मान खाली घातली. "प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून लघवी धरवत नाही. त्यात ही गोळी. नातवाच्या बारशाला सगळ्यांदेखत सतरंजी भिजली. तेव्हापासून गोळी तोंडात धरतो आणि थुंकून टाकतो. हिलाही ठाऊक नाही."

"मला तरी सांगायचं. त्यावर उपाय होते."

"तुम्ही मुलीसारख्या. कसं सांगणार?"

आता उशीर झाला होता. साठलेल्या पाण्याच्या भाराने थकलेलं हृदय आतड्यांपर्यंत पुरेसं रक्त पोचवत नव्हतं. अन्न जात नव्हतं, औषध अंगी लागत नव्हतं. डॉक्टरांनी हे त्यांच्यापासून लपवलं नाही. हणमंतराव एवढंच म्हणाले, "लाजेपायी गेलो, हे हिला कळू देऊ नका."

बाहेर सुमित्राबाई उठून उभ्या राहिल्या. "तुमचं औषध लागू पडलं नाही का?"

त्या औषधापायी डॉक्टरांनी उमेदीची वर्षं घातली होती. "नाही, काकू," त्या म्हणाल्या. "नाही पडलं."

"मग दुसरं द्या की." सुमित्राबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला.

दुसरं काहीच नव्हतं. डॉक्टरांना हात सोडवून घेता येईना.