पाठमोरी मनी

“सगळं झकास आहे हो, पण बाराच्या बारा चित्रांत मनी पाठमोरीच! मुलांनी काय शेपटीशी गप्पा मारायच्या?” प्रकाशकबाईंनी पानं परत दिली. मनीमांजरीची गोष्ट आईने लिहिली होती, चित्रं तिच्या सतरा वर्षांच्या स्वमग्न लेकीची. घरी येऊन आईने लाडीगोडी लावली, “एकदाच तिचं तोंड काढ ना, राणी.” लेक खिडकीकडे बघत म्हणाली, “चूक होईल. मनीला भीती वाटली की ती आपल्याकडे तोंड करून बसते, लक्ष ठेवते. भरवसा असला की पाठ करते.” एवढं बोलून तिने नेहमीसारखी खुर्ची फिरवली आणि ती आईकडे पाठ करून रंगवायला बसली. त्या पाठीकडे बघून आईच्या काळजात वर्षानुवर्षं चर्र होत आलं होतं. आज आईने प्रकाशकबाईंना फोन लावला, “बाई, मनी पाठमोरीच राहू द्या. तिचा माझ्यावर भरवसा आहे.”